आठ घरं, चार घरं आणि 'चालतंय की'

परवा ऑफिसात एक वाक्य कानावर पडलं आणि हा शनिवार त्यातच गेला. वाक्य तसं साधंच होतं: "अरे, फक्त लायब्ररीचं व्हर्जन वाढवायचंय, दहा मिनिटांचं काम आहे." म्हणणारा बिचारा चांगला मुलगा आहे, त्याचा काही दोष नाही. पण हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. असंच एक दहा मिनिटांचं काम दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे झालं होतं. त्यात एका गिऱ्हाइकाचा पाच आठवड्यांचा डेटा गेला आणि एका पोराचं वर्ष वाया गेलं. त्या कामाला 'ठीक आहे' म्हणून मान्यता देणारा माणूस होतो मी.

तर आज त्याबद्दल. जे सॉफ्टवेअरमध्ये नाहीत त्यांनी पळून जाऊ नका, गणित चौथीच्या पुढे जाणार नाही. जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत त्यांनी तर अजिबात पळू नका, कारण शिव्या तुम्हालाच आहेत. (आणि मलाही.)

डबीची गोष्ट

आम्ही तेव्हा एक डबी बनवायचो. कारखान्यातल्या मोटारीला चिकटवायची, ती मोटारीची कंपनं मोजते आणि फाइलमध्ये लिहून ठेवते. रोजची एक फाइल. आत ३२ बिटांची एआरएम चिप आणि त्यावर लिनक्स. जागा मर्यादित, म्हणून रोज रात्री एक सफाई कामगार प्रोग्राम उठायचा आणि नव्वद दिवसांपेक्षा जुन्या फाइल्स उडवायचा. फाइलची माहिती त्याला एक लायब्ररी द्यायची. ती आमच्याच कंपनीतली दुसरी टीम लिहायची.

त्या टीमने लायब्ररीची बिल्डची यंत्रणा बदलली. जुनी मेकफाइल काढून मेसॉन आणलं. उत्तम निर्णय, मीही तोच घेतला असता. कोडची एक ओळ बदलली नाही. हेडर फाइल तीच आणि फंक्शनची नावंही तीच. आमच्याकडे नांदेडहून नुकत्याच आलेल्या एका मुलाने नवी लायब्ररी घेतली, आपला प्रोग्राम कंपाइल केला, लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट चालवल्या. सगळं हिरवं. टेबलावरच्या कोऱ्या डबीत टाकून पाहिलं, दिवा लागला, फाइल लिहिली जाऊ लागली. शुक्रवारची संध्याकाळ होती. मी रिव्ह्यूमध्ये दोनच शब्द लिहिले, 'चालतंय की', आणि घरी गेलो.

एका गिऱ्हाइकाच्या चाळीस डब्यांवर ते गेलं. दोन आठवड्यांनी त्यांची एक मोटार बेअरिंग जाऊन बसली. मोटार वॉरंटीत होती. बनवणारा म्हणतो तुम्ही नीट वापरली नाही, हे म्हणतात मोटारच खराब होती. कंपनांच्या नोंदी दाखवल्या की वाद संपला असता, आमची डबी त्यासाठीच तर घेतली होती! डबी उघडली तर आत एकच फाइल, आजची. बाकीच्या एकोणचाळीस डब्या उघडल्या. प्रत्येकीत एकच, आजची. त्यांचा कारखाना बाहेरच्या नेटवर्कला जोडलेला नव्हता, डेटा महिन्याकाठी पेनड्राइव्हवर काढायचे. शेवटचा काढून पाच आठवडे झाले होते.

रविवारी दुपारी आम्हाला कारण सापडलं. सफाईच्या प्रोग्रामला प्रत्येक फाइलची तारीख छापायला लावली. प्रत्येक फाइलची एकच तारीख आली: १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच. भारतातल्या प्रोग्रामरला ही वेळ पाहिली की घाम फुटतो. युनिक्सचं घड्याळ तिथून सुरू होतं, म्हणजे कुणीतरी 'शून्य' हा आकडा तारीख म्हणून दिला होता. सफाई कामगाराने प्रामाणिकपणे विचार केला, १९७० सालची फाइल म्हणजे नव्वद दिवसांपेक्षा जुनीच की, आणि उडवली. उघडी असलेली आजची फाइल तेवढी सोडायची असा नियम होता, म्हणून ती वाचली.

शून्य आलं कुठून?

बँकेचं चलन डोळ्यासमोर आणा. रक्कम भरायला चार चौकोनी घरं, त्यापुढे तारखेला चार घरं, त्यापुढे शेऱ्याला चार. आता समजा मुख्य कार्यालयाने नवं चलन छापलं. त्यात रकमेला आठ घरं आणि मग तारीख. कारकुनाकडे मात्र जुन्या चलनाचा नमुना आहे. तो तारीख कुठे शोधणार? पाचव्या घरापासून. तिथे आता काय आहे? रकमेची उरलेली चार घरं. रक्कम लहान असेल तर तिथे नुसती शून्यं.

आमच्याकडे शब्दशः हेच झालं. फाइलचा आकार दाखवणारा सी भाषेत एक प्रकार आहे, ऑफ-टी. ३२ बिटांच्या लिनक्सवर तो मुळात चार बाइटांचा. 'फाइल ऑफसेट बिट्स' नावाचा एक मॅक्रो ६४ ला लावून कंपाइल केलं की तोच प्रकार आठ बाइटांचा होतो. मेसॉन हा मॅक्रो न विचारता लावतं. आमची २०१६ सालची हाताने लिहिलेली मेकफाइल लावत नव्हती. त्यामुळे लायब्ररी आठ घरांचं चलन भरत होती आणि आम्ही चार घरांचं वाचत होतो. एआरएमवर आकड्याचा लहान भाग आधी लिहिला जातो, म्हणून फाइलचा आकार अगदी बरोबर दिसायचा! तारखेच्या जागी मोठा भाग यायचा, म्हणजे शून्य. शिवाय आम्ही बारा बाइटांची जागा दिलेली आणि लायब्ररी सोळा बाइट लिहायची. शेजारच्याचे चार बाइट फुकट तुडवले जात होते. शेजारी नशिबाने रिकामी जागा होती, म्हणून प्रोग्राम कोसळला नाही. 'नशिबाने' म्हणतोय खरा, पण कोसळला असता तर आम्हाला त्याच संध्याकाळी कळलं असतं.

आणि यातला सगळ्यात मोठा विनोद असा की हा मॅक्रो आहे 'मोठ्या फाइल्स'साठी. आमची सर्वांत मोठी फाइल काही एमबींची होती.

हे दुखणं जुनं आहे

थोडा इतिहास, कारण त्याशिवाय राग कळणार नाही. चिन्हासहित ३२ बिटांत मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७. त्यामुळे ऑफ-टी चार बाइटांचा असेल तर फाइल दोन जीबीच्या पुढे जाऊ शकत नाही. १९९० च्या दशकात डिस्क मोठ्या झाल्या, डेटाबेसवाले बोंबलायला लागले. तेव्हा युनिक्स विकणाऱ्या कंपन्या एकत्र बसल्या. 'लार्ज फाइल समिट' या नावाने त्यांनी १९९६ मध्ये एक आराखडा ठरवला आणि १९९७ च्या सिंगल युनिक्स स्पेसिफिकेशनच्या दुसऱ्या आवृत्तीत तो आला. तोडगा असा: जुनी फंक्शन्स तशीच ठेवा, शेजारी ६४ शेपटी लावलेली नवी ठेवा आणि ज्याला हवं त्याने मॅक्रो लावून जुन्या नावाखाली नवी वापरावीत.

बीएसडीवाल्यांनी दुसरा रस्ता घेतला. १९९३ च्या ४.४ बीएसडीमध्ये त्यांनी ऑफ-टी सरळ ६४ बिटांचा केला. एकदा त्रास झाला आणि विषय संपला. लिनक्सवर जीलिबसीने मात्र समिटचा रस्ता धरला. कारणही पटण्यासारखं होतं, जुने कंपाइल केलेले प्रोग्राम मोडायचे नव्हते. मी त्या निर्णयाला नावं ठेवणार नाही. जुना प्रोग्राम वीस वर्षांनी चालतो ही मोठी गोष्ट आहे आणि त्यामागे कुणीतरी कष्ट घेतलेले असतात.

पण त्या निर्णयाची एक किंमत होती आणि ती कुणी नीट मोजली नाही. मॅक्रो लावायचा की नाही हे प्रत्येक प्रोग्राम आपलं आपण ठरवणार. ठीक. पण लायब्ररी आणि तिला वापरणारा प्रोग्राम हे दोघं वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या टेबलांवर कंपाइल केलेले असतात. दोघांनी एकच उत्तर द्यायला हवं हे कोण बघणार? हेडर फाइल एकच, पण ती दोन जणांनी वाचली की दोन अर्थ निघतात! ऑटोकॉन्फमध्ये तर यासाठी एक तयार सोय आहे. ती मॅक्रो शोधून लायब्ररीच्या स्वतःच्या खासगी कॉन्फिग फाइलमध्ये लिहिते. बाहेर वाटल्या जाणाऱ्या हेडरमध्ये तो जात नाही. म्हणजे घरातल्यांना नवं चलन आणि गिऱ्हाइकाला जुनं.

लिंकर का ओरडत नाही?

हा प्रश्न मला त्या मुलानेच विचारला होता आणि तो अगदी रास्त होता. लिंकर ओरडत नाही कारण सी मध्ये तो फक्त नाव बघतो. आत किती बाइट आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सी++ मध्ये थोडं बरं आहे, तिथे फंक्शनच्या नावातच त्याच्या आर्ग्युमेंटचे प्रकार गुंफलेले असतात. ऑफ-टी 'लाँग'चा 'लाँग लाँग' झाला की नाव बदलतं आणि लिंकर निदान बोंब मारतो. पण ऑफ-टी एखाद्या स्ट्रक्चरच्या पोटात असेल तर तिथेही शांतता.

फंक्शनला आकडा देताना तर आणखी मजा. एआरएमवर पहिली चार आर्ग्युमेंट्स चार रजिस्टरांतून जातात. ६४ बिटांचा आकडा जोडीनेच जातो, आणि जोडी सम क्रमांकापासूनच सुरू व्हायला हवी. समजा फंक्शनला आधी फाइलचा क्रमांक आणि मग ऑफसेट द्यायचाय. चार बाइटांच्या जगात ते शून्य आणि एक क्रमांकाच्या रजिस्टरांत जातात. आठ बाइटांच्या जगात क्रमांक शून्यात, एक नंबर रिकामा, आणि ऑफसेट दोन-तीनच्या जोडीत. आता बोलावणारा एकमध्ये ठेवतोय आणि ऐकणारा दोन-तीनमध्ये शोधतोय. त्याला तिथे आधीचा काय कचरा पडला असेल तो मिळतो. तुमची फाइल त्या कचऱ्याच्या हिशेबाने पुढेमागे होते. टेस्टमध्ये एखाद वेळी तो कचरा योगायोगाने शून्य असतो आणि आपण म्हणतो, चालतंय की.

या दोघांमधल्या अलिखित कराराला एबीआय म्हणतात. कोणता आकडा किती बाइटांचा, कुठल्या क्रमाने, कुठल्या रजिस्टरात. एपीआय म्हणजे सोर्स कोडमधला करार, तो आपण वाचतो, त्याच्यावर मीटिंगा घेतो, त्याची डॉक्युमेंटेशन लिहितो. एबीआय म्हणजे कंपाइल झाल्यानंतरचा करार, आणि त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याने लायब्ररी दुसऱ्याच्या हातात दिली त्याने हा करारही दिला. तो न तपासता नवं व्हर्जन त्याच नावाने सोडणं हा शुद्ध हलगर्जीपणा आहे.

'पण ३२ बिट आता मेलंय ना?'

आता येऊ नेहमीच्या उत्तरांकडे. कॅन्टीनमध्ये मला ही सगळी मिळाली आहेत.

पहिलं, ३२ बिट मेलंय. तुमच्या लॅपटॉपवर मेलंय, बरोबर. पण भिंतीतल्या मीटरमध्ये, लिफ्टमध्ये, कारखान्यातल्या डबीत ते जिवंत आहे, आणि पुढे बरीच वर्षं राहणार आहे. अशी डबी दहा-पंधरा वर्षांसाठी बसवतात. आणि आता तर नुसता फाइलचा प्रश्न नाही. चिन्हासहित ३२ बिटांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला, भारतात मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतं. त्यावर उपाय म्हणून जीलिबसीने २०२१ च्या २.३४ आवृत्तीत वेळेचा प्रकार, म्हणजे टाइम-टी, ६४ बिटांचा करायची सोय दिली. अट एकच: आधी मोठ्या फाइल्सचा मॅक्रो लावलेला हवा. म्हणजे १९९६ चा गृहपाठ ज्यांनी टाळला त्यांना तो आता करावाच लागणार, आणि वर नव्या धड्याचाही.

डेबियनने तो केला, २०२४ मध्ये. एआरएमच्या ३२ बिटांच्या आवृत्त्यांसाठी. आणि त्यांनी तो कसा केला हे प्रत्येक इंजिनिअरने बघण्यासारखं आहे. त्यांनी 'कुणाकुणाला त्रास होईल?' असा ईमेल टाकून उत्तरांची वाट पाहिली नाही. लायब्ररींच्या हेडर फाइल्स घेतल्या, आणि एबीआय कंप्लायन्स चेकर नावाचं हत्यार वापरून त्या वेगवेगळ्या सेटिंगखाली पडताळल्या: आहे तशा, मोठ्या फाइल्सचा मॅक्रो लावून, आणि मग वेळेचाही लावून. मिळालेल्या आकृत्यांची तुलना केली. जिथे फरक पडला ती लायब्ररी यादीत. आणि ज्या हेडर फाइल्स तशा सुट्या कंपाइलच झाल्या नाहीत त्यांचं काय? त्याही यादीत! तपासता आलं नाही म्हणजे बदललं असं धरून चालायचं. न्यायालयात निर्दोष मानून सुरुवात करतात ते योग्यच, पण लायब्ररीच्या बाबतीत उलटं हवं.

मग यादीतल्या शेकडो लायब्ररींच्या पॅकेजची नावं बदलली, शेवटी 'टी ६४' अशी शेपटी लावून. लायब्ररीचं आतलं नाव, ज्याला सोनेम म्हणतात, ते मूळ लेखकांच्या हातात असतं. ते परस्पर बदललं तर बाकीच्या जगाशी ताळमेळ तुटतो. म्हणून निदान पॅकेजचं नाव बदललं, म्हणजे जुन्या कराराचं पॅकेज नव्या लायब्ररीशी चुकून जोडलं जाणार नाही. तुमच्याकडे उबुंटू २४.०४ असेल तर पॅकेजांची यादी काढून बघा, ओपनएसएसएल आणि कर्लच्या लायब्ररींना ही शेपटी लागलेली दिसेल. ६४ बिटांच्या लॅपटॉपवर करार बदललेला नाही, पण नाव सगळीकडे एकच ठेवलंय. इंटेलच्या ३२ बिटांच्या आवृत्तीला मात्र त्यांनी यातून मुद्दाम वगळलं, कारण तिचा उरलेला उपयोगच जुने प्रोग्राम चालवणं हा आहे. दोन्ही निर्णय वेगळे, पण दोन्ही उघड, लिहून ठेवलेले, कारणासकट. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ च्या सूचनांत स्पष्ट बजावलंय की ३२ बिटांच्या एआरएमवर बाहेरून आणलेलं सॉफ्टवेअर पुन्हा कंपाइल करा आणि गुपचूप डेटा जात नाही ना हे तपासा. 'गुपचूप डेटा जाणं' म्हणजे काय ते मी रविवारी दुपारी पाहिलंय.

हे काम करणाऱ्यांत कितीतरी स्वयंसेवक होते हो! आणि आम्ही पगार घेऊन 'चालतंय की' लिहितो.

दुसरं उत्तर, सगळं पुन्हा कंपाइल करा, झालं. सगळं तुमच्या हातात असेल तर जरूर करा, तोच खरा उपाय आहे. पण तुमच्याकडे एखाद्या सेन्सरवाल्याने दिलेली, सोर्स नसलेली एक तरी लायब्ररी असते. ती कोणत्या सेटिंगने बनली हे विचारलं तर तिकडून उत्तर येतं, 'कळवतो'. आणि आमच्या प्रकरणात आम्ही दोन्ही बाजू पुन्हा कंपाइल केल्याच होत्या की! दोन बाजूंनी दोन सेटिंग लावून. नुसतं पुन्हा कंपाइल करून काय होतंय?

तिसरं, आमच्या फाइल्स लहान असतात. आमच्याही लहानच होत्या. शिवाय या मॅक्रोने फक्त आकाराचा प्रकार बदलत नाही, फाइलला मिळणारा आयनोड क्रमांकही ६४ बिटांचा होतो. मोठ्या डिस्कवर आयनोड क्रमांक ३२ बिटांच्या पुढे गेला तर जुन्या पद्धतीच्या प्रोग्रामला दहा बाइटांच्या फाइलचीही माहिती मिळत नाही, 'आकडा मावत नाही' अशी एरर येते. तेव्हा 'लार्ज फाइल' या नावावर जाऊ नका.

चौथं, ही हत्यारं फार कटकट करतात, शंभर इशारे देतात आणि त्यातला एखादाच खरा. यात तथ्य आहे, मान्य. लायब्ररीच्या आतल्या खासगी स्ट्रक्चरमधला बदलही ती दाखवतात, ज्याने बाहेर कुणाचं काही बिघडत नाही. पण हे इशारे एकदा बसून चाळता येतात आणि नको ते गाळायची सोय असते. एका दुपारचं काम आहे. आम्ही अपघातानंतर केलं तेव्हा आमच्या लायब्ररीसाठी चहा धरून वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं! पाच आठवड्यांच्या डेटासमोर.

मग करायचं काय?

नुसती टीका करून उठलो असं नको, म्हणून मोजक्या गोष्टी.

लायब्ररी लिहीत असाल तर बाहेर वाटायच्या हेडरमध्ये ऑफ-टी, टाइम-टी, आयएनओ-टी यांना येऊच देऊ नका. सरळ ६४ बिटांचा ठरलेल्या लांबीचा प्रकार वापरा. कर्ल स्वतःचा वेगळा ऑफसेटचा प्रकार वापरतं, एसक्यूलाइटचा स्वतःचा ६४ बिटांचा पूर्णांक आहे. ते लोक वेडे नाहीत.

टाळता येत नसेल तर हेडरलाच दारात उभं करा. फ्यूज या लायब्ररीचं हेडर मॅक्रो लावला नसेल तर कंपाइलच होऊ देत नाही, कोणता मॅक्रो लावायचा तेही सांगतं. दोन ओळींचा पहारेकरी. आमच्याकडे तो असता तर त्या शुक्रवारी कंपाइलच झालं नसतं आणि त्या मुलाने पाच मिनिटांत दुरुस्त केलं असतं. किंवा झेडलिबसारखी जुन्या-नव्या दोन्ही करारांची फंक्शन्स वेगवेगळ्या नावांनी ठेवा.

रोजच्या बिल्डमध्ये एक तरी ३२ बिटांचं बिल्ड ठेवा, आणि त्यात हेडर दोनदा तपासा, मॅक्रोसकट आणि मॅक्रोविना. तुलनेसाठी एबीआय कंप्लायन्स चेकर आहे, लिबॲबिगेलचं एबीआयडिफ आहे, नुसतं स्ट्रक्चरचं पोट बघायचं तर पाहोल आहे. सगळी फुकट. एक लक्षात ठेवा, फक्त तयार लायब्ररीची जुन्या लायब्ररीशी तुलना पुरत नाही. त्यातून लायब्ररी कशी बनली तेवढंच कळतं. वापरणाऱ्याच्या टेबलावर हेडरचा अर्थ काय लागतो, ते त्याच्या सेटिंगने हेडर कंपाइल केल्याशिवाय कळत नाही.

आणि करार बदललाच, तर नाव बदला. बाटली तीच, लेबल तेच आणि आतलं औषध वेगळं, हे केमिस्टने केलं तर आपण त्याला जेलमध्ये घालू.

शेवटचं

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. आमच्या कारणमीमांसेच्या कागदावर शेवटी 'मानवी चूक' असं लिहिलं गेलं, आणि मानव म्हणजे तो. वार्षिक अप्रेझलमध्ये त्याच्या नावापुढे 'सुधारणा आवश्यक' पडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याने त्याला सांगितलेलं सगळं केलं होतं: कंपाइल, टेस्ट, डबीवर ट्रायल, रिव्ह्यू. आमच्या प्रक्रियेत जी पायरीच नव्हती ती चुकवल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. मी मॅनेजरला मेल लिहिला की मान्यता माझी होती, सहा वर्षांचा अनुभव माझा होता, माझ्या नावापुढे लिहा. उत्तर आलं, 'तुझी भावना समजते'. तो पुढच्या सहा महिन्यांत नोकरी सोडून गेला. जाताना मला म्हणाला, "तुम्ही मेल लिहिला होता ते मला कळलं." मला तोंड वर करून बघता आलं नाही, कारण मेल लिहिणं सोपं होतं. त्या शुक्रवारी संध्याकाळी वीस मिनिटं थांबणं मला जमलं नव्हतं.

म्हणून परवाचं ते 'दहा मिनिटांचं काम' ऐकल्यावर मी उठून त्या टेबलापाशी गेलो आणि विचारलं, "दोन्हीकडे मॅक्रो सारखाच आहे का रे?" तो गोंधळून बघायला लागला. मग आम्ही खुर्ची ओढून बसलो आणि हेडर दोनदा कंपाइल केलं. एका स्ट्रक्चरमध्ये चार बाइटांचा फरक निघाला.

सोमवारी त्या हेडरमध्ये दोन ओळींचा पहारेकरी टाकतोय. रिव्ह्यू तो करणार आहे. 'चालतंय की' लिहिलंस तर बघ, असं बजावून ठेवलंय. :)